एका पहारेकऱ्याच्या घरातली मुलगी

माझ्या बहिणीने भिंतीवर पोस्टर लावलं त्या दिवशी मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटत होते. बायकांच्या संडासाला दार नाही, हा विषय होता. संध्याकाळी घरी आले तर आमच्या दोघींच्या खोलीत, माझ्या खाटेच्या बरोबर वर, पाच मुली उभ्या. डोळे बशीएवढे. केस निळे, जांभळे, एकीचे गुलाबी. अंगात शाळेचा गणवेश, आणि स्कर्ट असे की शिंप्याला कापड कमी पडलं असावं. प्रत्येकीच्या खांद्याला बंदूक.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"बंदुका," बहीण म्हणाली. ती तेव्हा बारावीला होती आणि भौतिकशास्त्राची वही झाकत होती.

"बंदुका दिसतात मला. मुली कोण?"

"अक्का, मुलीच बंदुका आहेत."

मग तिने समजावून सांगितलं. जपानी कार्टून मालिका आहे. त्यात प्रत्येक मुलगी म्हणजे एकेक बंदूक. नावं बंदुकीच्याच मॉडेलची, म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्या सगळ्या एका वसतिगृहात राहतात, शाळेत जातात, नेमबाजीचा सराव करतात. जी बंदूक भरायला वेळ लागतो ती मुलगी जेवायला वेळ लावते. जी फार आवाज करते ती वर्गात बडबड करते. हे सगळं तिने अशा आवाजात सांगितलं, जणू शेजारच्या घरातल्या सुनांची माहिती देत होती.

मी खाटेवर बसले. माझ्या डोक्यावर पाच बंदुका होत्या आणि पिशवीत संडासाची उरलेली दीडशे पत्रकं.

मुद्दा मला तिथल्या तिथे दिसला. बाईची वस्तू करून झाली, देवी करून झाली, आता हत्यार केलं. तेही शाळकरी पोरीचं. मुद्दा दिसला की मला बसवत नाही. आमची संघटना सहा जणांची आहे. सात रस्त्याजवळ मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर आमची खोली आहे. तिथे मी बारावीनंतर आले आणि पत्रक लिहायला शिकले. शिकवणारे आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. काकांचा नियम साधा होता. पत्रकाचं पहिलं वाक्य घरातलं पाहिजे, दुसरं जगातलं, तिसऱ्यात जबाबदार कोण ते सांगायचं आणि शेवटी मागण्या. पहिल्या वाक्यात खरा माणूस पाहिजे, पण नाव द्यायचं नाही. "एका कामगाराच्या घरात" असं लिहिलं की हजार कामगारांना आपलं घर वाटतं, असं काका म्हणायचे. ते खरंही आहे. त्या संडासाला पुढच्या महिन्यात दार बसलं.

आता घरातली दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बहीण वर्षभर कॉलेजच्या जिमखान्यात एअर रायफल मारायला जात होती. मागच्या हॉलमध्ये दहा मीटरवर पुठ्ठ्याच्या चौकटीत कागद लावतात. त्यावर छऱ्याने नेम धरायचा. मी तिला कधी विचारलं नाही ती कशी मारते. मला वाटायचं, वाढीव मार्कांसाठी जाते. त्या आठवड्यात तिची पुण्याच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी निवड झाली होती. आमच्या जिल्ह्यातून चार मुली, त्यात ती. संमतीपत्रावर सही करून शनिवारी दुपारी बारापर्यंत कॉलेजात द्यायची होती. बारानंतर राखीव यादीतली मुलगी घेणार, असं क्रीडा शिक्षिकेने बजावलं होतं. तो कागद आमच्या घड्याळामागे खोचलेला होता. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, तो वाचला होता आणि "बघतो" म्हणाले होते. आमच्या घरात अप्पांचं "बघतो" म्हणजे होकार. नकार असला की ते "बघू" म्हणतात.

अप्पा मूळचे वैरागकडचे. बँकेच्या एका शाखेत दाराशी उभे राहतात, दुनळी बंदूक घेऊन. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची. रोज सकाळी ती खाकी खोळीत घालून सायकलवर नेतात आणि संध्याकाळी परत आणून लोखंडी कपाटात ठेवतात. एकवीस वर्षांत त्यांनी ती बँकेत एकदाही झाडलेली नाही. माझ्या पत्रकांचा त्यांना अभिमान होता. प्रत्येक पत्रकाच्या पंचवीस प्रती ते बँकेत नेत आणि पैसे भरायच्या स्लिपा असतात त्या टेबलावर, दोरीने बांधलेल्या पेनाशेजारी, नीट चळत करून ठेवत. मॅनेजर काही म्हणत नसत. स्लिपा संपल्या की लोक पत्रकाच्या पाठीमागे हिशेब करत.

तर मी पत्रक लिहिलं. खोलीवर बसून, एका दमात. मथळा होता: 'मुलगी म्हणजे बंदूक नव्हे'. पहिलं वाक्य घरातलं पाहिजे, म्हणून असं लिहिलं: "सोलापुरातल्या एका बँकेच्या पहारेकऱ्याच्या घरातली सतरा वर्षांची मुलगी. कालपर्यंत ती कार्टून पाहत होती. आज तिच्या हातात रायफल आहे. उद्या काय?"

"उद्या काय?" हे आमच्या प्रत्येक पत्रकात असतं. पाण्याच्या टँकरवरच्या पत्रकातही होतं.

मागण्यांपाशी मी अडले. मालिका काढणारे जपानमध्ये. त्यांच्याकडे मागणी करून काही होणार नाही. काका म्हणाले, मागणी जवळच्या सत्तेकडे करायची. म्हणून मी चारही मागण्या जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीकडे केल्या. पत्रक आणि अर्ज घेऊन गेले तेव्हा आवक खिडकीतल्या बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग पेन थांबवून विचारलं, "जपान कुठल्या शाखेत घालू?"

मी म्हटलं, "तुम्हीच ठरवा."

त्यांनी करमणूक शाखेचा शिक्का मारला. पोच मात्र दिली.

मालिका मी पाहिलेली नव्हती. हे त्या वेळी मला कमतरता वाटलं नाही. टँकरचं पाणी पिऊन मी टँकरवर लिहिलं नव्हतं.

मंगळवारी आम्ही पत्रकं वाटली. दोनशे प्रती कॉलेजांच्या गेटवर, शंभर नव्या पेठेत. घरी टेबलावर नेहमीप्रमाणे पंचवीस ठेवली. अप्पा बुधवारी सकाळी ती न वाचता घेऊन गेले. ते पत्रक नेहमी बँकेतच वाचत, अकराच्या चहाला, शिपाई आणि एका कारकुनासमोर, मोठ्याने. त्यांचं वाचन सावकाश आहे. एकेका शब्दावर थांबून, तो शब्द बसला की पुढे.

त्या दिवशी संध्याकाळी ते आले. बंदूक कपाटात ठेवली, किल्ली खिशात घातली, चूळ भरली आणि पाटावर बसले. आई भाकरी थापत होती. आमच्याकडे कडक भाकरीच्या ऑर्डरी असतात, त्यामुळे तवा दिवसभर उतरत नाही.

"अकराच्या चहाला वाचलं," अप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "कसं वाटलं?"

"पयलंच वाक्य वाचलं आन् शिपाई म्हणला, मामा, ह्ये तर तुमचंच घर हाय की. मी म्हणलं, न्हाय रं, लई पहारेकरी हायत सोलापुरात. तर कारकून म्हणला, सतरा वर्साची पोरगी, रायफल, आनखी कुणाची हाय?" त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला. "मॅनेजरसायेब आतनं भाईर आले. हसले. म्हणले, तुमच्या घरी दोन बंदुका हायत म्हणं."

आईने भाकरी उलटली.

अप्पा उठले, घड्याळामागचा कागद काढला, घडी घातली आणि लोखंडी कपाटात परवान्याच्या पुस्तकात ठेवून कुलूप लावलं.

"शिबिरबिबीर न्हाय," ते म्हणाले. "छापून आलंय. आता मी सही केली तर लोक म्हणतील, पोरगी छापती एक आन् बाप करतो दुसरं."

बहीण दारात उभी होती. ती खोलीत गेली, पत्रक घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. मग माझ्याकडे आली.

"ह्यात मी आहे."

"नाव नाही तुझं."

"कॉलेजात आज मला तीन जणींनी विचारलं, काय गं, उद्या काय? मला कळेना काय म्हणतात. आता कळलं." तिने पत्रकाची घडी घातली. अप्पांसारखीच, चार पदरी. "तू बघितलीस का मालिका?"

"पोस्टर बघितलं."

"पोस्टर बघून तू मागण्या केल्यास?"

मी तिला समजावायला लागले. मुलीला शस्त्र बनवणं, त्याला गोंडस करणं, युद्धाचा बाजार, हे सगळं. मी ते चांगलं बोलते, चौकात बोलले आहे. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "खंडेनवमीला आई अप्पांच्या बंदुकीची ओटी भरती. खण, नारळ, तांदूळ, सुपारी. हळदीकुंकू लावून वेणी माळती. अप्पा तिला बाई म्हणतात. बाईला तेल घातलं का, बाईला ऊन लागू देऊ नका. त्यावर कुठं पत्रक काढलंस?"

आई तव्यावरून म्हणाली, "घरातल्या हत्याराची ओटी भरतात. त्यात काय."

"तेच म्हणते मी," बहीण म्हणाली. "त्यात काय."

हत्याराची पूजा आणि हत्याराची जाहिरात यात फरक आहे, असं मी म्हणू शकले असते. पण त्या खणाचा ब्लाउज दर वर्षी मीच शिवून घालते, हे मला त्याच क्षणी आठवलं.

गुरुवारी संघटनेचं काम नव्हतं. दुपारी मी बहिणीचा फोन मागून घेतला आणि मालिका पाहिली. बारा भाग, वीस-वीस मिनिटांचे. फोनच्या काचेला तडा होता, तो नेमका निळ्या केसांच्या मुलीच्या तोंडावरून जायचा. खाली इंग्रजी अक्षरं पळायची.

मला अपेक्षा होती रक्ताची. बारा भागांत कुणाला गोळी लागत नाही. पोरी चहा पितात. एकीचा नेम लागत नाही, म्हणून ती रडते. दुसरी तिला शिकवते: श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, मग बोट. आठव्या भागात एक जुन्या पद्धतीची लांब बंदूक आहे. तिला आता कुणी सरावाला नेत नाही. ती वसतिगृहाच्या फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवते आणि सगळ्यांना तिचा कंटाळा येतो. शेवटच्या भागात त्या सगळ्या स्पर्धेत हरतात आणि परत येऊन भात खातात.

स्कर्टबद्दल मी लिहिलेलं एक अक्षर मागे घेत नाही. आणखी एक गोष्ट मागे घेत नाही. ज्या बंदुकांची नावं त्या पोरींना दिली आहेत, त्यांनी खऱ्या जगात खऱ्या माणसांना मारलं आहे, आणि ती मालिका त्याबद्दल बाराही भागांत एक शब्द बोलत नाही. हे पत्रकात यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. त्याच्या जागी माझी बहीण आली.

पाचव्या भागानंतर ती खोलीत आली होती. माझ्या मागे उभी राहून थोडा वेळ पाहिलं.

"हिचा नेम नवव्या भागात लागतो," ती म्हणाली. "मी पण तसंच केलं. श्वास अर्धा. मॅडमनी विचारलं, कुणी शिकवलं? मी काय सांगू?"

"काय सांगितलंस?"

"वडिलांनी."

शुक्रवारी सकाळी मी संघटनेच्या खोलीवर गेले. काकांना म्हटलं, चूक झाली आहे, खुलासा काढायला हवा. साधा, अर्ध्या पानाचा. पहारेकऱ्याच्या घरातली ती मुलगी खेळाडू आहे आणि संघटनेचा तिला पाठिंबा आहे.

काका मिक्सरच्या दुकानातून आलेला चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "आपण खुलासा काढत नाही."

"का?"

"एकदा काढला की कारखान्याचा मालक विचारणार, संडासाच्या पत्रकाचा खुलासा कधी? टँकरवाला विचारणार, आमचा कधी? आपल्याकडे पैसा नाही, माणसं सहा. आपल्याकडे एकच गोष्ट आहे, आपलं छापलेलं खरं असतं."

"पण हे खरं नव्हतं."

"म्हणून तर खुलासा काढता येत नाही."

काका वाईट माणूस नाहीत. चार वेळा लाठी खाल्लेला माणूस आहे. मला त्यांचं म्हणणं कळत होतं, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. चिंचोळीच्या बायका आमच्या कागदावर विश्वास ठेवून बोलल्या होत्या. त्यांचं दार एका बाजूला आणि माझ्या बहिणीची सही दुसऱ्या बाजूला. मी कुठल्याही चौकात यावर अर्धा तास बोलू शकते. तिथे मी रिकामा कप उचलला आणि खाली दुकानात नेऊन दिला.

मग मी ठरवलं, अप्पांनाच मालिका दाखवायची. संध्याकाळी ते चहा घेत होते तेव्हा फोन त्यांच्यासमोर पितळी डब्याला टेकवून उभा केला आणि आठवा भाग लावला. जुन्या बंदुकीचा. इंग्रजी मी वाचून सांगत होते.

अप्पांनी चष्मा लावला.

"बोट बघ," मग म्हणाले. "घोड्यावर न्हाय. भाईर हाय. बराबर हाय." पुढच्या दृश्याला: "ही वाऱ्याच्या उलट उभी ऱ्हायली. कुणी शिकिवलं हिला?" मग: "ह्या पोरी तेल कवा घालत्यात?"

मी म्हटलं, "तेल दाखवत नाहीत. त्या आंघोळ करतात."

"मग तेच आसंल."

फाटकाशी बसलेली ती जुनी मुलगी नोंदवहीत लिहीत होती. नव्या मुली तिच्यासमोरून हसत गेल्या. अप्पा फोनच्या जवळ सरकले.

"हिला सोडत न्हाईत व्हय मैदानात?"

"नाही."

"आन् गोळी कुणाला लागती ह्यात?"

"कुणालाच नाही. कागदाला लागते."

"मग बरं हाय," ते म्हणाले. "माझीबी कुणाला लागली न्हाय."

भाग संपला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, झालं. बहीण दाराआड उभी होती, तिलाही तसंच वाटलं असणार. मी म्हटलं, "अप्पा, मग सही?"

त्यांनी मान हलवली. "कार्टून चांगलं हाय. पोरी शिस्तीच्या हायत. पर मी बँकेत मोठ्यानं वाचलंय, पोरी. चार मानसांसमोर. छापलेलं वाचलं आन् आता त्येच्या उलट करू? लोक म्हणतील, ह्येचं कागुद बी खोटं आन् ह्यो बी."

"मग मी येते बँकेत. मी सांगते, चूक माझी."

"म्हंजी आनखी एक तमाशा," अप्पा म्हणाले.

बहीण दाराआडून निघून गेली.

शनिवारी सकाळी मी लवकर उठले. बारापर्यंत काय करता येईल याची यादी करत होते. क्रीडा शिक्षिकेला भेटायचं, प्राचार्यांना अर्ज द्यायचा, मुदतवाढ मागायची. अर्जाचा मसुदा जवळजवळ झाला होता. बहीण गणवेश न घालता बसून राहिली होती. अप्पा मोरीत दाढी करत होते. त्यांचा शर्ट खुंटीला होता आणि शर्टाच्या खिशात कपाटाची किल्ली.

आई आली. शर्टाच्या खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, बंदूक एका हाताने बाजूला सारली, जशी ती मध्ये आलेली खुर्ची सारते, परवान्याच्या पुस्तकातून कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. आई अक्कलकोटच्या पलीकडची, कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी छापील वाचता येतं, पण तिला घाई आवडत नाही.

"ह्यात बापाची सही म्हणून लिवलंय का?"

मी वाचलं. खाली रेघ होती आणि रेघेखाली छापलेलं होतं: पालकाची सही.

"पालक लिहिलंय," मी म्हटलं.

"मग पेन आण."

आमच्या संघटनेने आईच्या सहीवर दोन पत्रकं काढली आहेत. शाळेत, दवाखान्यात, बँकेत आईची सही चाललीच पाहिजे. त्यातलं दुसरं मी लिहिलं आहे. बुधवारपासून शनिवारपर्यंत ते मला एकदाही आठवलं नाही. मी वडिलांना कसं वळवायचं याच्यावर चार दिवस घालवले, बारा भाग पाहिले, संघटनेत भांडले. एका बाईची सही पुरते, हे एका बाईला मला सांगावं लागलं, आणि तिने पत्रक वाचलेलं नव्हतं.

तिने पदराला हात पुसले, पाटावर कागद ठेवला आणि सही केली. कन्नडमध्ये, गोल गोल, एकेक अक्षर भाकरीसारखं चारी बाजूंनी फिरवून.

अप्पा अर्ध्या गालाला फेस घेऊन बाहेर आले. "काय चाललंय?"

"सही."

"मी न्हाय म्हणलं हुतं की."

"तुमी न्हाय म्हणला, तुमी करू नका," आई म्हणाली. "पालक लिवलंय त्यात. मी काय शेजारीण हाय व्हय?"

अप्पांनी कागदाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, उघड्या कपाटाकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं.

"सुम्न कुंद्र," आई मला म्हणाली. गप बस, याचं ते कन्नड आहे आणि आमच्या घरात त्यावर चर्चा नसते.

"मी न्हाय केली सही," अप्पा शेवटी म्हणाले. "ध्येनात ठिवा. कुणी इच्यारलं तर मी न्हाय केली."

"न्हाई केली," आई म्हणाली.

ते दाढी पुरी करायला मोरीत गेले. बँकेत सांगायला त्यांना तेवढं पुरेसं होतं. बहीण एव्हाना गणवेश घालून चपला शोधत होती.

कॉलेजात मी तिच्याबरोबर गेले. मनात चार मुद्दे तयार ठेवले होते, क्रमाने. क्रीडा विभागाच्या कारकुनाने कागद उजेडाला धरला. "ही सही कुणाची?"

"आईची," बहीण म्हणाली.

"वडील नाहीत का?"

"आहेत."

"मग त्यांची?"

"फॉर्मवर पालक लिहिलंय, सर. आई पालक आहे."

त्याने फॉर्म परत वाचला, जणू तो पहिल्यांदाच वाचत होता. बहुधा पहिल्यांदाच वाचत असावा. मग शिक्का मारला. माझे चारही मुद्दे तसेच राहिले. बाहेर पडल्यावर तिने मला पाणीपुरी खायला घातली आणि स्वतः खाल्ली नाही. शिबिर होईपर्यंत बाहेरचं खायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी एसटी स्टँडवर आम्ही तिला पोचवायला गेलो. अप्पा ड्युटीला निघाले होते म्हणून वाटेत थांबले. खाकी गणवेश, खांद्याला खोळीतली बंदूक. फलाटावर गर्दी होती, पण त्यांच्याभोवती हातभर जागा मोकळी राहत होती. ते गाडी लागली तेव्हा बहिणीजवळ गेले.

"दस्ता खांद्याला घट्ट धर. सैल धरली की मागं मारती."

"अप्पा, एअर रायफल मागं मारत नाही."

"न्हाय मारत?"

"नाही."

"मग ती कसली बंदूक," अप्पा म्हणाले, आणि तिची पिशवी उचलून आत ठेवून आले. गाडी हलल्यावर सायकलवर बसून बँकेत गेले.

शिबिरातून ती परत आली. पुढच्या निवडीत तिचं नाव लागलं नाही. मधल्या कुठल्यातरी नंबरावर राहिली, किती ते तिने सांगितलं आणि मी इथे लिहीत नाही. ती पुन्हा जिमखान्यात जायला लागली. माझ्याशी ती शिबिरातून आल्यावरही महिनाभर कामापुरतंच बोलली. मग एकदा वेणी घालून घेताना, आरशात बघत म्हणाली, "अक्का, परत कधी माझ्याबद्दल लिहिलंस तर आधी मला दाखवायचं. नाव असो नसो."

मी हो म्हटलं. संघटनेत मी आता पहिल्या वाक्यातल्या माणसाला पत्रक आधी वाचून दाखवते. काकांना ते आवडत नाही, काम लांबतं म्हणतात. खरंच लांबतं. दोन वेळा त्या माणसाने नको म्हटलं आणि आम्हाला दुसरं वाक्य शोधावं लागलं. टँकरचं पुढचं पत्रक त्यामुळे आठवडाभर उशिरा निघालं.

हे लिहून झालं तेव्हा मी तिला दिलं. तिने दोन ठिकाणी काट मारली. काय होतं ते सांगायचं नाही, असंही तिनेच सांगितलं. कागद परत देताना विचारलं, "अप्पांना दाखवलंस?"

नव्हतं दाखवलं.

"मग?"

रविवारी दुपारी अप्पांना दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, एकेक शब्द बसवत. आई तव्यापासून उठून येऊन बसली. ओटीच्या वाक्याला ती म्हणाली, वेणी नव्हे, गजरा असतो, बंदुकीला वेणी राहत नाही. सहीच्या भागाला अप्पा थांबले, पाणी प्याले आणि पुढे वाचलं. संपायला तासाच्या वर गेला. मग त्यांनी पानं सारखी केली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"छाप. पर ह्यात नुसतं पहारेकरी लिवलंयस. पत्रकात बी तसंच लिवलं हुतंस."

"मग काय लिहू?"

"सशस्त्र पहारेकरी. तसल्या पोरांना बी पहारेकरीच म्हणत्यात, काठीवाल्यांना. बँकेच्या कागदावर माझं सशस्त्र हाय."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तवा तू इच्यारलंस कुटं," अप्पा म्हणाले.

अप्पा बँकेत सशस्त्र पहारेकरी आहेत.